न दिसलेल्या वाघाचा हिशेब

वन्यप्राण्यांची एखादी जात टिकणार की संपणार, हे तिच्या आजच्या संख्येइतकेच तिच्या जगण्याच्या दरावर अवलंबून असते. यंदा जिवंत असलेल्या शंभर प्राण्यांपैकी पुढच्या वर्षी किती जिवंत राहतील, हे सांगणारा आकडा म्हणजे जगण्याचा वार्षिक दर. तो ०.९० असेल तर शंभरातले नव्वद वर्ष काढतात, दहा मरतात. आकडा साधा आहे, पण तो मिळवणे वन्यजीवशास्त्रातल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. रानातले बहुतेक मृत्यू कोणाच्याही नजरेस न पडता होतात आणि जिवंत असलेले प्राणीही सहसा दिसत नाहीत. या दोन्ही अडचणींवर मात करण्यासाठी गेल्या शतकभरात संख्याशास्त्राने ज्या पद्धती घडवल्या, त्यांच्या आधाराने आज वाघ, कासवे, गिधाडे आणि देवमासे वाचवण्याचे निर्णय घेतले जातात.

संख्या आणि जगण्याचा दर यांतला फरक आधी लक्षात घ्यायला हवा. २०२२च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत भारतात सरासरी ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला; त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रात. हे आकडे मोलाचे आहेत, पण ते एका वेळचे चित्र दाखवतात. समजा, दोन जंगलांत प्रत्येकी वीस वाघ आहेत. पहिल्या जंगलात वर्षाला तीन-चार वाघ कमी होतात आणि तिथलेच बछडे मोठे होऊन त्यांची जागा घेतात. दुसऱ्यात शिकार, विषप्रयोग आणि कुंपणात सोडलेली वीज यांमुळे वर्षाला आठ-नऊ मरतात, पण शेजारच्या जंगलातून आलेले तरुण वाघ ती तूट भरून काढतात. गणना दोन्हीकडे वीसच सांगते. शेजारच्या जंगलाशी जोडणारा पट्टा रस्त्याने किंवा खाणीने तुटला, की दुसरे जंगल काही वर्षांत रिकामे होईल. हा धोका गणनेत दिसत नाही. जगण्याच्या दरात तो आधीच दिसतो.

सावकाश प्रजनन करणाऱ्या जातींमध्ये तर या दरातला लहानसा बदलही मोठा ठरतो. प्रौढ पक्ष्याचा वार्षिक दर ०.९५ असेल, तर प्रौढ झाल्यावर तो सरासरी सुमारे वीस वर्षे जगतो. दर ०.९० वर आला की तेच आयुष्य दहा वर्षांवर येते. शंभरात पाच मृत्यू वाढले एवढाच काय तो फरक, पण वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला आयुष्यात मिळणाऱ्या पिलांची संख्या त्यामुळे निम्मी होते.

दिसला नाही म्हणजे मेला असे नाही

जगण्याचा दर काढायचा तर तोच प्राणी पुन्हा पुन्हा ओळखता आला पाहिजे. त्यासाठी प्राण्यावर खूण करतात किंवा त्याच्या अंगावरची नैसर्गिक खूण वापरतात. डेन्मार्कमधील व्हिबॉर्ग गावचे शिक्षक हान्स ख्रिश्चन कॉर्नेलियस मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली आणि शास्त्रशुद्ध पक्षी-वलयांकनाची सुरुवात झाली. भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर नेले ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. सालिम अलींच्या पुढाकाराने, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, १९५९च्या सुमारास. वाघाला कडे घालण्याची गरज नसते. त्याच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात. जंगलवाटेच्या दोन्ही कडांना साधारण गुडघ्याच्या उंचीवर समोरासमोर दोन कॅमेरा ट्रॅप बांधतात. वाघ मधून गेला की त्याच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही कुशींची छायाचित्रे एकाच वेळी मिळतात. दोन्ही बाजू लागतात, कारण एकाच वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टेही सारखे नसतात. फक्त एकच बाजू मिळाली तर एक वाघ दोनदा मोजला जाण्याची भीती राहते.

खूण पटली तरी मुख्य प्रश्न उरतोच. गेल्या वर्षी कॅमेऱ्यात आलेला वाघ यंदा आला नाही, याचे तीन अर्थ होऊ शकतात: तो मेला, तो दुसरीकडे गेला किंवा तो तिथेच आहे पण कॅमेऱ्यासमोरून गेला नाही. विदर्भात गाजलेल्या ‘जय’ या वाघाच्या बाबतीत हे स्पष्ट दिसले. तो मूळचा नागझिऱ्याचा. २०१३ मध्ये तो उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला. नागझिऱ्याच्या नोंदीत तो ‘दिसेनासा झालेला’ वाघ होता, प्रत्यक्षात मात्र उमरेडला जिवंत आणि धडधाकट होता. पुढे त्याला रेडिओ कॉलर बसवली गेली. एप्रिल २०१६ मध्ये तिचे संदेश थांबले आणि मोठी शोधमोहीम राबवूनही तो सापडला नाही. या दुसऱ्या वेळी तो मेला की निघून गेला, हे कोणालाच खात्रीने सांगता आले नाही. अशा नोंदींना सरसकट ‘मृत’ म्हटले तर जगण्याचा दर वास्तवापेक्षा कमी निघतो आणि सरसकट ‘जिवंत’ म्हटले तर जास्त.

दोन अज्ञातांची उकल

या गुंत्यावरचा तोडगा १९६४-६५ मध्ये निघाला. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांत फुलमार या समुद्रपक्ष्यांचा दीर्घकाळ अभ्यास चालू होता. त्या पक्ष्यांच्या नोंदींवरून संख्याशास्त्रज्ञ आर. एम. कॉर्मॅक यांनी १९६४ मध्ये जगण्याची संभाव्यता आणि दिसण्याची संभाव्यता वेगवेगळी काढण्याची रीत मांडली. पुढच्याच वर्षी जी. एम. जॉली आणि जी. ए. एफ. सेबर यांनी स्वतंत्रपणे तिचा विस्तार केला. कॉर्मॅक-जॉली-सेबर प्रतिमान या नावाने ही रीत ओळखली जाते आणि आजही ती या विषयाचा पाया आहे.

तिचे मर्म एका काल्पनिक उदाहरणातून समजते. पहिल्या वर्षी शंभर पक्ष्यांना कडी घातली. दुसऱ्या वर्षी त्यांपैकी ४० दिसले आणि तिसऱ्या वर्षी ३२. पहिल्या नजरेत वाटेल, की एका वर्षात ६० पक्षी मेले. पण तिसऱ्या वर्षी दिसलेल्या त्या ३२ पक्ष्यांची मागची नोंद तपासली, तेव्हा त्यांतले १६ दुसऱ्या वर्षीही दिसले होते आणि १६ दिसले नव्हते. हे ३२ पक्षी दुसऱ्या वर्षी जिवंत होते यात शंकाच नाही, कारण ते तिसऱ्या वर्षी दिसले. म्हणजे दुसऱ्या वर्षी जिवंत पक्ष्यांपैकी निम्मेच नजरेस पडत होते. दिसण्याची संभाव्यता ०.५. मग त्या वर्षी ४० पक्षी दिसले, याचा अर्थ प्रत्यक्षात सुमारे ८० जिवंत होते. जगण्याचा दर ०.४० नव्हता, ०.८० होता. पुढे कधी ना कधी दिसलेले पक्षीच मधल्या वर्षीच्या न दिसण्याचा हिशेब देतात.

प्रत्यक्ष अभ्यासात प्रत्येक प्राण्याच्या नोंदीची एक माळ तयार होते. दिसला त्या वर्षी १, न दिसला त्या वर्षी ०. वरच्या उदाहरणात ‘१०१’ ही माळ असलेला पक्षी एक वर्ष जगला, दिसला नाही, आणखी एक वर्ष जगला आणि दिसला. या क्रमाची संभाव्यता ०.८ × ०.५ × ०.८ × ०.५ म्हणजे ०.१६. अशा सर्व माळा मिळून ज्या आकड्यांमुळे प्रत्यक्ष नोंदी घडण्याची शक्यता सर्वांत जास्त होते, ते आकडे संगणक शोधून काढतो. हे तत्त्व रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात मांडले होते. त्यावर आधारलेली ‘मार्क’ ही संगणकप्रणाली कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या गॅरी व्हाइट यांनी तयार केली आणि जगभरचे वन्यजीव अभ्यासक ती वापरू लागले.

या रीतीचा व्यवहारातला फायदा मोठा आहे. एखाद्या वर्षी कॅमेरे कमी लागले, पाऊस लवकर आला किंवा मनुष्यबळ अपुरे पडले, तर प्राणी कमी दिसतात. दिसण्याची संभाव्यता वेगळी काढली नाही तर ही घट मृत्यूंची समजली जाते आणि कारण नसताना धावपळ होते. उलटही घडते: कॅमेरे वाढले म्हणून प्राणी अधिक दिसतात आणि वाढते मृत्यू झाकले जातात.

कॉलर, घरटी आणि सापडलेली कडी

प्रत्येक जातीला एकच पद्धत लागू पडत नाही. रेडिओ किंवा उपग्रह कॉलर लावलेला प्राणी कुठे आहे आणि जिवंत आहे का, हे थेट कळते. तिथे दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न कमी होतो, पण कॉलर बंद पडण्याचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात. मुळात ती वैद्यकीय संशोधनात रुग्णांच्या आयुर्मानासाठी रूढ झाली. समजा, वीस प्राण्यांना कॉलर आहेत. पहिल्या महिन्यात एक मेला. उरलेल्यांचे प्रमाण १९/२०. मग तीन कॉलर बंद पडल्या. पुढच्या महिन्यात माहिती मिळत असलेल्या सोळांपैकी एक मेला, प्रमाण १५/१६. दोन्हींचा गुणाकार ०.८९ येतो. बंद पडलेल्या कॉलरचे प्राणी मेले असे धरले असते, तर उत्तर ०.७५ आले असते. या पद्धतीत असा प्राणी जोवर माहीत होता तोवर हिशेबात राहतो आणि त्यानंतर बाजूला होतो. ‘जय’सारख्या वाघाची नोंदही अशीच, शेवटच्या संदेशापर्यंत धरायची असते. मात्र एक अट आहे: कॉलर बंद पडण्याचा मृत्यूशी संबंध नसावा. शिकाऱ्याने प्राणी मारून कॉलरही नष्ट केली, तर ही पद्धत दर वास्तवापेक्षा चांगला दाखवते.

अशा थेट नोंदींचे महत्त्व महाराष्ट्रात आता वाढले आहे. हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच इथे आणून, टॅग लावून सोडण्यात आली. सोडलेला पक्षी किती काळ तग धरतो, कशामुळे मरतो आणि पुढच्या तुकडीसाठी काय बदलायला हवे, हे या टॅगच्या नोंदींतूनच ठरवता येते.

घरट्यांच्या बाबतीत वेगळीच फसगत होते. अभ्यासकाला घरटे बहुधा उशिरा सापडते. जी घरटी पहिल्या काही दिवसांतच साप, कावळे किंवा मुंगसांनी उद्ध्वस्त केली, ती कधी नोंदीत येतच नाहीत. उत्तर अमेरिकेतील कर्टलंड्स वॉर्बलर या दुर्मीळ पक्ष्याचा अभ्यास करताना हॅरल्ड मेफिल्ड यांनी १९६१ मध्ये यावर उपाय सुचवला. घरटी मोजण्याऐवजी घरट्यांवर नजर ठेवलेले दिवस मोजायचे. पन्नास घरट्यांवर मिळून ५०० दिवस नजर ठेवली आणि त्या काळात २० घरटी बुडाली, तर साध्या हिशेबाने यश ६० टक्के दिसते. मेफिल्डच्या हिशेबाने घरटे रोज वाचण्याची संभाव्यता ०.९६ येते आणि अंड्यापासून पिलू उडेपर्यंत २५ दिवस लागत असतील, तर खरे यश ३६ टक्केच निघते. पक्ष्याची संख्या टिकते आहे की घसरते आहे, हा निष्कर्षच या फरकाने उलटू शकतो.

बदके आणि इतर स्थलांतरी पक्ष्यांत जिवंत पक्षी पुन्हा हाती लागणे दुर्मीळ. पण मेलेल्या किंवा शिकार झालेल्या पक्ष्याचे कडे कोणी तरी कळवते. अशा कड्यांवरूनही जगण्याचा दर काढण्याची वेगळी प्रतिमाने आहेत. त्यांत मिळालेले कडे कळवले जाण्याची संभाव्यताही अंदाजात धरावी लागते.

गृहीतके आणि मर्यादा

या सर्व पद्धती काही गृहीतकांवर उभ्या आहेत. खूण पडून किंवा पुसून जाऊ नये. खुणेमुळे प्राण्याच्या जगण्यावर परिणाम होऊ नये. एकाच गटातल्या प्राण्यांना दिसण्याची आणि जगण्याची सारखी संधी असावी. प्रत्यक्षात मोठा नर वाघ वाटांवर सतत फिरतो, तर पिलांची आई झाडोऱ्यात दडून राहते. म्हणून नर-मादी आणि वयोगट वेगळे करून अंदाज काढावे लागतात.

सर्वांत कठीण मर्यादा स्थलांतराची. कायमचा निघून गेलेला आणि मेलेला, हे दोघे कॅमेऱ्याच्या नोंदीत अगदी सारखे दिसतात. म्हणून कॉर्मॅक-जॉली-सेबर रीतीने मिळणारा आकडा हा खरे तर ‘जगून त्याच भागात राहण्याचा’ दर असतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९-२० मध्ये कॉलरसह महाराष्ट्र आणि तेलंगणातून सुमारे तीन हजार किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. कॉलर नसती तर टिपेश्वरच्या हिशेबात तो गेलाच असता. अलीकडच्या पद्धतींत प्राणी नेमका कुठल्या कॅमेऱ्यात आला, याचेही स्थान हिशेबात घेतात. शेजारच्या जंगलांची छायाचित्रे एकत्र जुळवली, तर मृत्यू आणि स्थलांतर यांची फोड बऱ्याच अंशी करता येते.

आणि कोणताही अंदाज त्याच्या संभाव्य चुकीसह सांगितला तरच प्रामाणिक ठरतो. कर्नाटकातील नागरहोळेमध्ये उल्हास कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅपच्या साहाय्याने वर्षानुवर्षे वाघांचा मागोवा घेतला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७४ वेगवेगळे वाघ ओळखले गेले आणि जगण्याचा सरासरी वार्षिक दर ०.७७ निघाला. त्याची प्रमाण त्रुटी ०.०५१ होती, म्हणजे खरा दर साधारण ०.६७ ते ०.८७ यांच्या दरम्यान असावा. इतक्या चिकाटीच्या कामानंतरही एवढी अनिश्चितता उरते, हे लक्षात घेता एखाद्या वर्षाच्या चढउतारावरून यशाचा किंवा अपयशाचा डांगोरा पिटणे चूक आहे.

आकड्यापासून कृतीपर्यंत

जगण्याचा दर हाती आल्यावर त्याचा अर्थ त्या जातीच्या जीवनक्रमाशी जोडूनच लावावा लागतो. नागरहोळेत वर्षाला जवळपास एक चतुर्थांश वाघ मरत किंवा निघून जात होते. तरीही अभ्यासाच्या काळात त्यांची संख्या टिकून होती, कारण बछड्यांची भर भरपूर होती. वाघीण एका वेळी अनेक पिले देते आणि चितळ, सांबर, गवे मुबलक असतील तर ती वाढवते. त्यामुळे वाघाच्या संरक्षणात शिकारबंदीइतकेच भक्ष्य प्राण्यांचे रक्षण निर्णायक ठरते. गिधाडांचा किंवा देवमाशांचा दर ०.७७ वर आला, तर ती जात थोड्याच वर्षांत संपेल.

उत्तर अटलांटिकमधील राइट व्हेल हे याचे ठळक उदाहरण. या देवमाशांच्या डोक्यावरच्या खरबरीत चट्ट्यांवरून प्रत्येकाची ओळख पटते. हॅल कॅसवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की जगण्याचा दर १९८० मधील ०.९९ वरून १९९४ मध्ये ०.९४ वर घसरला होता. जहाजांच्या धडका आणि मासेमारीच्या दोरांत अडकणे ही माणसामुळे होणाऱ्या मृत्यूंची मुख्य कारणे होती. २००१ मध्ये मासामी फुजिवारा आणि कॅसवेल यांनी हिशेब मांडला, की वर्षाला फक्त दोन माद्यांचे मृत्यू टाळले तरी घसरण थांबेल. ‘देवमासे वाचवा’ या आवाहनाला त्यामुळे ठोस लक्ष्य मिळाले. अमेरिकेने २००८ मध्ये ठरावीक भागांत, ठरावीक हंगामात मोठ्या जहाजांना दहा नॉटची वेगमर्यादा घातली. तरीही २०१० नंतर संख्या पुन्हा घसरू लागली. म्हणजे हा दर एकदा मोजून थांबणे परवडत नाही.

समुद्री कासवांच्या बाबतीत या गणिताने संरक्षणाची दिशाच बदलली. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर लॉगरहेड कासवांची अंडी वाचवण्यावर बराच भर होता. १९८७ मध्ये डेबोरा क्राउझ, लॅरी क्राउडर आणि कॅसवेल यांनी अंडी, लहान-मोठी वाढती कासवे आणि प्रौढ अशा टप्प्यांचे वेगवेगळे दर एका गणिती सारणीत मांडले. कासवे वर्षाला सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटत होती. एकूण एक अंडी वाचवली असती, तरी ही घट थांबली नसती. मोठ्या वाढत्या कासवांचा दर ०.६८ वरून ०.७७ पर्यंत नेला, तर मात्र ती थांबत होती. ही कासवे कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत गुदमरून मरत होती. जाळ्यात तिरकी सळयांची चौकट आणि तिच्यापाशी सुटकेचे दार बसवले, की कोळंबी सळयांमधून मागे जाते आणि कासव दारातून बाहेर पडते. ‘टेड’ नावाच्या या साधनाची सक्ती करण्यामागे या हिशेबाचे बळ होते. वेळाससारख्या कोकणातल्या किनाऱ्यांवर गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी प्रेमाने जपतात. त्या कष्टांचे पूर्ण चीज व्हायचे, तर समुद्रात मोठ्या कासवांचे मरण कमी करणेही तितकेच आवश्यक आहे.

गिधाडांची कथा सर्वांत भीषण. भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृत्यूचे कारण असल्याचे २००४ मध्ये उघड झाले. पण एवढ्या प्रचंड ऱ्हासाला एकटे हे औषध पुरेसे आहे का, अशी शंका होती. ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी उत्तर दिले: ही पडझड घडवायला १३० ते ७६० मेलेल्या जनावरांमागे एकच विषारी असले तरी पुरे. गिधाडांचा थवा एकाच मृत जनावरावर तुटून पडतो आणि प्रौढांच्या दरातली थोडी घटही ही जात सोसू शकत नाही, हे त्यामागचे कारण. पुढे प्रत्यक्ष नमुने तपासले, तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास मृत जनावरांत हे औषध आढळले. भारताने २००६ मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद केला, मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला आणि घसरणीचा वेग मंदावला.

या साऱ्या उदाहरणांत सूत्र एकच आहे. पैसा, माणसे आणि वेळ मर्यादित असताना कोणत्या वयाच्या प्राण्याला कोणत्या धोक्यापासून वाचवले तर जात तगेल, हे जगण्याच्या दरावरून कळते. त्यासाठी एका वर्षाचे सर्वेक्षण पुरत नाही. तेच क्षेत्र, तीच पद्धत आणि तेवढीच मेहनत सलग अनेक वर्षे लागते; छायाचित्रे आणि नोंदी जंगलाजंगलांत वाटून घ्याव्या लागतात; आणि सापडलेल्या प्रत्येक मृत प्राण्याची कारणासह नोंद ठेवावी लागते. वनरक्षकाच्या वहीतली प्रत्येक काटेकोर नोंद, ‘आज काही दिसले नाही’ हीसुद्धा, या हिशेबात मोलाची असते.